सूचिवेधाचे शिक्षण आणि रुग्णाचे हित

महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला. पुढे २०१९ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानेही या उपचारपद्धतीला स्वतंत्र मान्यता दिली. मान्यतेचा प्रश्न अशा रीतीने सुटला. परंतु रुग्णाच्या देहात सुई टोचण्याचा अधिकार किती अध्ययनानंतर मिळावा, हा प्रश्न त्याहून गंभीर आहे.

या विद्येशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकासह चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच निवर्तले. त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ही विद्या आत्मसात करून ती कलकत्त्यात रुजविली.

तिची मूलतत्त्वे वरकरणी सोपी वाटतात. ‘ची’ ही प्राणशक्ती बारा प्रमुख वाहिन्यांतून वाहते. यिन व यांग यांचा तोल ढळला की व्याधी उद्भवते. नाडी व जिव्हा पाहून निदान करावे, असा तिचा सिद्धान्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ३६१ बिंदू प्रमाणभूत मानले आहेत. बिंदूचे अंतर रुग्णाच्याच अंगठ्याच्या रुंदीने मोजतात. आयुर्वेदातील स्वांगुलप्रमाणाचे येथे सहज स्मरण होते.

तथापि बिंदूंची यादी पाठ करणे म्हणजे विद्या संपादन करणे नव्हे. छातीवर सुई जरा खोल गेली तर फुफ्फुसाला छिद्र पडू शकते. निर्जंतुक नसलेल्या सुईतून कावीळ पसरते. म्हणून शरीररचनेचे ज्ञान अपरिहार्य ठरते. खुद्द चीनने हे ओळखले. १९२९ साली तेथे पारंपरिक वैद्यक बंद करण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. त्याच देशाने १९५६ पासून या विद्येची सरकारी महाविद्यालये उघडली आणि तेथे आधुनिक वैद्यकाचेही अध्यापन ठेवले.

विद्यार्थ्याने तिच्या मर्यादाही शिकल्या पाहिजेत. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अ‍ॅक्युपंक्चरने सुमारे ४८ टक्के, बिंदू सोडून वरवर टोचलेल्या सुयांनी ४४ टक्के, तर प्रचलित उपचारांनी २७ टक्के रुग्णांना लाभ झाला. या आकड्यांतून दोन्ही पक्षांना बोध घेता येईल. रुग्णांना मिळालेला आराम नाकारता येत नाही. आणि वाहिन्यांचा सिद्धान्त त्याने सिद्ध झाला, असेही म्हणता येत नाही.

काही दिवसांच्या वर्गानंतर प्रमाणपत्र वाटणाऱ्यांना हा विवेक शिकविण्यास सवड नसते. शरीररचना, निर्जंतुकता, अनुभवी उपचारकाच्या देखरेखीखालील सराव आणि रुग्णाला डॉक्टरकडे केव्हा पाठवावे याची जाण, एवढे तरी प्रत्येक अभ्यासक्रमात सक्तीचे असावे. ज्या गाठीवर वेळेवर शस्त्रक्रिया हवी तिथे सुया टोचण्यात महिने गेले, तर त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. कायद्याने नोंदणीचे दार उघडले आहे. त्या दारावर कठोर परीक्षा ठेवणे हे शासनाचे कर्तव्य आहे.