क्रियापद आपल्यासारखंच, उच्चार मात्र वेगळे

पुण्याजवळच्या मांजरीतल्या एखाद्या मुलीला कोरियन शिकावीशी वाटली, तर कारण दूर शोधायला नको: रांजणगावात एलजी, तळेगावात ह्युंदाई! व्याकरणात मराठी माणूस सुखावतोच. ‘चोनुन पाबुल मॉगॉयो’ म्हणजे ‘मी भात खाते’. कर्ता, कर्म, क्रियापद आपल्याच क्रमाने, प्रत्ययही नामाला मागूनच चिकटतात. राजा सेजोंगने १४४३ साली घडवलेली हंगुल लिपीही लवकर वाचता येते. खरी कसोटी उच्चारांची. चंद्र, मुलगी आणि मुखवटा यांचे शब्द ताल, त्ताल, थाल असे कानाला जवळजवळ सारखेच लागतात. त्यातला घसा आवळून काढायचा त्त मराठीत नाहीच, आणि सोलमधली तरुण पिढी ताल-थाल ओळखते ती बरीचशी सुराच्या उंचीवरून. म्हणून नवशिक्यांनी उच्चार देवनागरीत लिहून घोकू नयेत. कोरियन माणसाचं बोलणं ऐकावं आणि लगेच मोठ्याने म्हणावं.