हवेतून वीज आणि हवेतले भांडवल

खोलीच्या कोपऱ्यात एक चौकोनी फलक टांगावा, त्यातून कानाला ऐकू न येणारा ध्वनी सर्वत्र पसरावा आणि खोलीत वावरणाऱ्या प्रत्येकाचा मोबाईल तारेवाचून आपोआप चार्ज व्हावा, ही कल्पना कोणालाही मोहविणारीच आहे. अमेरिकेतील ‘यूबीम’ या कंपनीने हेच स्वप्न जगापुढे ठेवले. तिच्या संस्थापक मेरेडिथ पेरी या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पुराजीवशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या. २०११ साली विद्यापीठाच्या संशोधन-स्पर्धेत त्यांच्या कल्पनेला पारितोषिक मिळाले, त्याच वर्षी तंत्रज्ञान क्षेत्रातील एका प्रतिष्ठित परिषदेत त्यांनी तिचे प्रात्यक्षिक दाखविले आणि मग पैशाचा ओघ सुरू झाला. अँड्रीसन होरोविट्झ, मार्क क्यूबन, मारिसा मेयर अशी वजनदार नावे गुंतवणूकदारांच्या यादीत झळकली. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये अपफ्रंट व्हेंचर्सच्या पुढाकाराने १ कोटी डॉलरचे भांडवल उभे राहिले.

संस्थापक अभियंता नव्हत्या, हा काही दोष नव्हे. विज्ञानाच्या इतिहासात बाहेरून आलेल्या माणसांनी मोठमोठी कामे केलेली आहेत. आक्षेपार्ह होती ती या गोष्टीभोवती विणली गेलेली कथा. सारे तज्ज्ञ ‘हे अशक्य आहे’ असे म्हणत होते आणि एका तरुणीने त्यांचे न ऐकता ते करून दाखविले, असा त्या कथेचा साचा होता. तज्ज्ञांचा नकार हाच यशाचा दाखला मानला जाऊ लागला की कोणतीही शंका ‘संकुचित वृत्ती’ ठरते आणि पडताळणीचे दार बंद होते. वस्तुतः येथे पडताळणीसाठी प्रयोगशाळेचीही आवश्यकता नव्हती. पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मावेल एवढेच गणित पुरेसे होते.

ते गणित कंपनीनेच पुरविलेल्या आकड्यांनी करता येते. वाढत्या टीकेनंतर २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने काही तपशील जाहीर केला. ध्वनीची वारंवारता ४५ ते ७५ किलोहर्ट्झ, तीव्रता १४५ ते १५५ डेसिबल, पल्ला ४ मीटरपर्यंत आणि मोबाईलला मिळणारी वीज किमान दीड वॉट. १४५ डेसिबल म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३१६ वॉट. मोबाईलची पाठ असते शंभरेक चौरस सेंटिमीटरची, म्हणजे तिच्यावर पडणार जेमतेम ३ वॉट. त्यातील निम्मे विजेत परिवर्तित झाले, तर दीड वॉट हाती येतात. येथवर आकडा जुळतो. परंतु हे तीन वॉट मोबाईलपर्यंत पोहोचायचे कसे? पन्नास किलोहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी हवेत दर मीटरला दीडेक डेसिबल क्षीण होत जातो. चार मीटरच्या प्रवासात त्याची तीनचतुर्थांश शक्ती हवाच शोषून घेते. म्हणजे फलकातून किमान १२ वॉटचा ध्वनी निघावा लागेल, तोही एक कणही इकडेतिकडे न सांडता नेमका मोबाईलच्या पाठीवर पडावा लागेल. फलकाने विजेचा ध्वनी करताना निम्मी शक्ती गमावली असे धरले, तर दीड वॉटसाठी चोवीस वॉट खर्ची पडतात. ही सारी गृहीतके अतिशय उदार आहेत, हे येथे विसरता कामा नये.

बरे, दीड वॉट म्हणजे तरी किती? मोबाईलसोबत मिळणारा साधा चार्जर ५ वॉटचा असे. दहा वॉट-तासांची बॅटरी दीड वॉटने भरायला सहा-सात तास लागतात आणि तोवर मोबाईल फलकाकडे पाठ करून, मध्ये काही आड न येता, स्थिर राहायला हवा. भिंत सोडाच, खिशाचे कापडही या ध्वनीला अडविते. ज्याला चालता-बोलता चार्जिंग हवे आहे त्याच्यासाठी हे साधन, आणि ते चालायचे मात्र मोबाईल टेबलावर ठेवला तर! टेबलावर ठेवायचाच असेल, तर तेथे तार काय वाईट?

सुरक्षिततेचा प्रश्न वेगळाच. हवेतून येणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीसंबंधी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना १९८४ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत सामान्य जनतेसाठी १०० डेसिबलची मर्यादा सुचविली होती. १४५ डेसिबल म्हणजे त्याहून तीसेक हजार पट तीव्र ध्वनी. यातील बहुतांश ध्वनी त्वचेवरून परावर्तित होतो, हा कंपनीच्या बाजूचा मुद्दा खरा आहे. परंतु घरात, उपाहारगृहात, लहान मुलांच्या आणि पाळीव कुत्र्यांच्या सान्निध्यात दिवसरात्र चालणाऱ्या यंत्राला एवढ्या एकाच मुद्द्यावर निर्दोष ठरविता येत नाही.

ध्वनीने वीज पोहोचविणे हे मुळात थोतांड आहे, असे मात्र कोणी समजू नये. शरीराच्या आत ते उत्तम साधते. ऊती आणि पाणी ध्वनीला सहज वाट देतात, हवा देत नाही. कंप पावणारे स्फटिक आणि हवा यांच्या ध्वनिप्रतिरोधात हजारो पटींची तफावत असल्याने बहुतेक शक्ती दोहोंच्या सीमेवरूनच माघारी फिरते. म्हणूनच बर्कले येथील संशोधकांनी २०१६ साली श्राव्यातीत ध्वनीवर चालणारे, मज्जातंतूंचे संकेत टिपणारे सूक्ष्म संवेदक उंदरांच्या शरीरात यशस्वीरीत्या वापरून दाखविले. साधन तेच, माध्यम मात्र योग्य निवडलेले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मारिन सोल्याचिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली चुंबकीय अनुनादाने २ मीटर अंतरावरचा ६० वॉटचा दिवा लावला. कार्यक्षमता ४० टक्के, हे त्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात आकड्यांसह मांडले. साठ टक्के वीज वाया जाते, हे सांगायला त्यांना लाज वाटली नाही. विज्ञानाची रीत हीच.

आपल्याकडेही १९९६ साली तमिळनाडूतील रामर पिळ्ळै यांच्या ‘वनौषधी पेट्रोल’ने भलेभले भारावले होते. शास्त्रज्ञांच्या काटेकोर देखरेखीखाली चाचणी होताच ते पेट्रोल आटले. यूबीमचा प्रकार तसा लबाडीचा होता असे म्हणण्यास आधार नाही. ध्वनीतून थोडीफार वीज त्यांना खरोखर मिळत होती. प्रश्न होता तो मिळणारी वीज आणि वर्णन केलेली वीज यांतील अंतराचा. ते अंतर बाहेरच्या अभियंत्यांनी वारंवार दाखवून दिले. कंपनीचे माजी उपाध्यक्ष, श्राव्यातीत ध्वनीचे अभ्यासक पॉल रेनॉल्ड्स यांनी तर नोकरी सोडल्यानंतर २०१६ साली उघड लेखन करून तिच्या दाव्यांवर कठोर टीका केली. आतल्या माणसाने इतके स्पष्ट सांगितल्यावर तरी ज्यांचा पैसा गुंतला होता त्यांनी तटस्थ भौतिकशास्त्रज्ञांसमोर संपूर्ण मोजमाप ठेवण्याचा आग्रह धरायला हवा होता. त्याऐवजी २०१७ साली एका मोठ्या वृत्तपत्राच्या प्रतिनिधीपुढे प्रात्यक्षिक घडविले गेले. भिंतीवरचा विजेचा वापर किती आणि मोबाईलच्या बॅटरीत शिरलेली वीज किती, एवढे दोनच आकडे शेजारी-शेजारी छापून आले असते, तर कोणत्याही प्रात्यक्षिकाची गरज उरली नसती.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये पेरी मुख्य कार्यकारी पदावरून पायउतार झाल्या. ग्राहकांच्या हाती देण्यासाठी वस्तू बनविण्याचा बेत कंपनीने सोडला आणि आपले तंत्रज्ञान इतर उद्योगांना परवान्यावर देण्याचा मार्ग धरला. खोलीच्या कोपऱ्यातला तो चौकोनी फलक कोणत्याही दुकानात विक्रीला आलाच नाही.