निघोजेकरांनो, फोन घरी ठेवून जा

आज 15 जून 2021. शाळेचं नवं वर्ष सुरू झालं, पण घंटा वाजली नाही. फाटकाला कुलूप आहे आणि वर्ग मोबाइलवर भरतोय. पहिली ते चौथीचे वर्ग मार्च 2020 पासून एक दिवसही उघडलेले नाहीत. पाचवी ते आठवीचे 27 जानेवारीला उघडले आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाले. गेल्या जूनमध्ये ज्या मुलीचं नाव पहिलीत घातलं, ती परीक्षेविना दुसरीत गेली. वर्गातल्या बाकावर ती अजून बसलेलीच नाही.

शाळा बंद ठेवल्या, ते योग्यच केलं. एप्रिलमध्ये एका ऑक्सिजन बेडसाठी ज्यांनी चाकण, भोसरी, पिंपरी पालथी घातली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण सरकारनं शाळा मोबाइलवर आणून सोडली. तिथून पुढे ती मुलांपर्यंत नेणं तुमच्या हातात आहे.

आपल्या निघोजे गावाची तऱ्हा तुम्ही जाणता. एका बाजूला महिंद्रा, फोक्सवॅगनसारखे कारखाने, दुसऱ्या बाजूला भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. लातूर, नांदेड, बुलढाणा, बिहार, यूपी, सगळीकडची माणसं इथं राहतात. दहा बाय दहाची खोली, माणसं पाच, फोन एक. तो एक फोन पहाटे वडिलांच्या खिशातून कंपनीच्या बसमध्ये चढतो. अकरा वाजता बाई व्हॉट्सॲपवर अभ्यासाचा फोटो टाकतात. तो फोटो दिवसभर वडिलांच्या खिशातच राहतो. सेकंड शिफ्ट असेल, तर फोन घरी येतो तेव्हा मूल झोपलेलं असतं. मग रविवारी आठवड्याभराचे फोटो एकदम उघडायचे आणि पोरानं ओळीनं वहीत उतरवायचे. अक्षरं उतरतात, वाचता मात्र येत नाहीत. अशा वह्या आज कितीतरी खोल्यांत आहेत.

म्हणून बाबांनो, आधी फोन घरी ठेवा. रोज जमत नसेल तर शिफ्ट बघून दिवस ठरवा. शेजारी नाइटला असेल आणि तुम्ही फर्स्टला, तर दोघांची पोरं एका फोनवर बसवा. कंपनीत निरोप लागला तर सोबत्याचा नंबर घरी लिहून ठेवा. फोन मुलीलाही द्या. एकच फोन असला की तो आधी मुलाच्या हातात जातो, हे आपल्याच घरांत चाललंय. ते थांबवा.

फोन नाहीच, अशीही घरं आहेत. तिथलं मूल हळूच सुटतं. आधी तास बुडतात, मग ग्रुपवरून नाव जातं, मग तेरा-चौदा वर्षांचा मुलगा गॅरेजमध्ये पाने उचलायला लागतो. मुलगी धाकट्याला सांभाळते, आणि एक दिवस गावाकडून तिच्या लग्नाचा विषय निघतो. उद्या शाळा उघडली तरी ही मुलं आपणहून परत येणार नाहीत. त्यांना आत्ताच धरून ठेवायला हवं.

खोलीमालकांनो, तुमच्याशी थोडं जास्त बोलायचंय. या माणसांच्या भाड्यावर आपल्या गावात मजले चढले. आता त्यांच्या मुलांसाठी एक तास द्या. वायफायचा पासवर्ड द्या. गच्चीचं कुलूप काढा, पडवी मोकळी करा. मास्क लावून, अंतर ठेवून पाच मुलं उघड्या हवेत बसू शकतात. घरात कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी रिकामी असेल, तर त्याला किंवा तिला म्हणा, या पाच जणांना रोज एक पान मोठ्यानं वाचायला लाव. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. तुमच्या मुलांची गेल्या वर्षीची पुस्तकं रद्दीत घालू नका, शेजारच्या दारात नेऊन द्या. गेल्या वर्षी 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागायची. तिला ना नेट लागायचं ना रिचार्ज. टीव्हीवर असा कार्यक्रम लागला, तर शेजारच्या पोरांना दारातून का होईना, बघू द्या.

लॉकडाऊनमध्ये गावी जाऊन परत आलेल्या घरांनी नीट ऐका. शाळा सोडल्याचा दाखला जवळ नाही म्हणून मूल घरी बसवू नका. दाखला नाही म्हणून 6 ते 14 वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय. वयाप्रमाणे वर्गही मिळतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत जा, नाव घाला. बोलायला संकोच वाटत असेल तर खोलीमालकाला सोबत न्या. मालकांनो, तुम्हीही नाही म्हणू नका.

तिसरी लाट येईल, असं सगळे म्हणताहेत. कुलूप आणखी किती महिने राहील, कुणाला ठाऊक! तोवर वाट बघत बसू नका. आज रात्री जेवणं झाली की आपल्या चाळीतली दारं मोजा. कुठल्या खोलीत शाळेच्या वयाचं मूल आहे, कुठे फोन नाही, कुणाचं नाव कुठल्याच शाळेत नाही, हे एका कागदावर लिहा. उद्या सकाळी तो कागद गुरुजींच्या हातात द्या.