तीन बोटांची परीक्षा

कानाच्या अगदी पुढे बोटे टेकवून तोंडाची उघडझाप केली, की बोटांखाली जे हलते तो जबड्याचा सांधा. बोलणे, चावणे, जांभई देणे या साऱ्यांचा भार तो दिवसभर वाहतो. त्यातील लवचिक चकती किंचित सरकली की ‘कट्’ असा आवाज येतो. वेदना नसेल, तर नुसत्या आवाजाने घाबरण्याचे कारण नाही.

झोपेत दात खाणे, चिंतेने दात आवळून धरणे, सतत काही चघळणे, यांमुळे जबड्याचे स्नायू शिणतात. ती कळ कानात व कानशिलात उमटते आणि माणूस उगाच कानात तेल घालीत बसतो. अशा वेळी काही दिवस मऊ भात-आमटी घ्यावी, ऊस व कडक चकली वर्ज्य करावी. ओल्या गरम फडक्याने १५-२० मिनिटे शेकावे. जांभई देताना हनुवटीखाली हात धरावा. ओठ मिटलेले पण दात विलग, ही जबड्याची खरी विश्रांती. बहुतेकांचे दुखणे एवढ्याने काही आठवड्यांत उतरते. मात्र जबड्याच्या कळेबरोबर छाती दाटून घाम फुटला, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तत्काळ रुग्णालय गाठावे.

आपल्या निपाणी-बेळगाव भागात आणखी एक भेद जाणून घेतला पाहिजे. कर्नाटकात २०१३ साली गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारीची सवय सुटलेली नाही. शाळकरी मुलांच्या खिशातही पुडी सापडते. सुपारीने गालांचे आतले अस्तर पांढुरके व ताठर होते, तिखट झोंबू लागते आणि तोंड हळूहळू कमी उघडते. हा सांध्याचा विकार नव्हे. येथे शेकाचा उपयोग नाही. आलेला ताठरपणा पूर्णपणे जात नाही आणि काहींच्या बाबतीत पुढे कर्करोगही उद्भवतो. तंबाखू नसली तरी सुपारी निर्धोक ठरत नाही.

परीक्षा सोपी आहे. आपल्याच हाताची मधली तीन बोटे जुळवून, एकावर एक येतील अशी उभी, वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये धरून पाहावीत. ती मावत नसतील, तर दंतवैद्याकडे जावे. बेळगावात के.एल.ई. संस्थेचे दंतमहाविद्यालय १९८५ पासून आहे. त्यासाठी दूर जावयास नको.

पानसुपारी हा आपल्या आतिथ्याचा जुना उपचार खरा. पण पाहुण्याचा मान गुळपाण्यानेही राखता येतो. पालकांनी आज रात्री जेवणाआधी मुलांची ही परीक्षा घ्यावी, आणि तीत आपणही बसावे.