नाथानाची मेंढी आणि भैरवगढ़ची बकरी



उज्जैनचा भैरवगढ़ भाग छापील कापडासाठी प्रसिद्ध आहे. काळभैरवाचे मंदिर इथेच आणि सेंट्रल जेलही इथेच. कुत्रा हे भैरवाचे वाहन मानले जाते, म्हणून दर्शनाला आलेली माणसे तिथल्या कुत्र्यांना खाऊ घालतात. त्याच वाटेने आम्ही स्वयंसेवक घरभेटीला जातो. रस्त्यावरच्या मुक्या जीवाकडे निदान कुणाचे तरी लक्ष असते. दाराआडच्या जनावराबद्दल विचारावे, असे मात्र आमच्या कधी मनातही आले नव्हते.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका भगिनीकडे जात असू. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.) घरात मारहाण आहे, हे आम्हाला ठाऊक होते. "थोडे दिवस माहेरी जा," म्हटले की ती अंगणाकडे बघायची. तिथे तिची बकरी बांधलेली असे. माहेरून आलेली, तिच्या दुधावर चार पैसे सुटायचे. एक दिवस ती हळूच म्हणाली, "ताई, मी गेले तर तो हिला मारील. मागच्या वेळी मला समोर उभं करून हिलाच काठीनं मारलं."

आम्ही काय उत्तर दिले? "अगं, बकरीच ना ती! दुसरी घेऊन देऊ."

ती गप्प झाली. पुढे तिने घरातले काहीच आम्हाला सांगितले नाही. आम्ही तिला धीर देतो आहोत, असे आम्हाला त्या वेळी खरेच वाटले होते! ती बकरी तिला कोण होती हे तिच्या नवऱ्याला नेमके माहीत होते. कळले नव्हते ते आम्हाला.

दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायातला नाथान आपण सर्वांनी ऐकला आहे. उरीयाची बायको घेऊन, उरीयाला लढाईत मारवून दावीद राजा निवांत बसला होता. त्याच्यापुढे संदेष्टा नाथान गोष्ट सांगतो ती एका मेंढीची. गरिबाची एकुलती एक मेंढी. त्याच्या मुलांबरोबर वाढलेली, त्याच्या घासातला घास खाणारी, त्याच्या कुशीत निजणारी, लेकीसारखी. धनवानाने तीच कापली. दावीद संतापला. 'मेंढीच ना ती,' असे राजालाही म्हणवले नाही. त्या घराचे काय हिरावले गेले, ते त्याला मेंढीवरून कळले. आम्ही हा उतारा किती वेळा वाचला असेल! दर वेळी आमची नजर दावीदाच्या पापावर. मेंढी गोष्टीपुरती, असेच धरून चाललो.

गणनाच्या पुस्तकात बलाम आपल्या गाढवीला तीनदा मारतो. त्याचे डोळे उघडल्यावर देवदूत त्याला पहिला जाब विचारतो तो त्या गाढवीच्या माराबद्दल.

कोणी म्हणेल, इथे माणसांचे हाल कुत्रा खाईना आणि तुम्ही बकऱ्यांचे काय घेऊन बसलात? पण हा प्रश्न माणसाचाच आहे. जनावराला मारणारा हात घरातल्या बाईला आणि मुलांना सांगत असतो, 'उद्या तुमची पाळी.' अंगावर वळ उठत नाही, शेजाऱ्याला दाखवायला काही उरत नाही, आणि ती जागची हलत नाही. १९९८ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात फ्रँक एसिओन यांनी आसरागृहात आलेल्या स्त्रियांचा एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. घरी प्राणी असलेल्यांपैकी ७१ टक्के जणींनी सांगितले, की जोडीदाराने प्राण्याला इजा केली, मारून टाकले किंवा तशी धमकी दिली. प्राण्याच्या काळजीने घर सोडायला उशीर केला, असे सांगणाऱ्याही त्यांत होत्या. पुढे २०१८ मध्ये तिथे अशा स्त्रियांना प्राण्यांसह आसरा मिळावा यासाठी कायदा झाला.

आपल्याकडच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात जनावराचा वेगळा उल्लेख नाही. मात्र भावनिक छळ आणि आर्थिक छळ दोन्ही त्यात आहेत, आणि स्त्रीधनाची परस्पर विल्हेवाट लावणे हाही आर्थिक छळच. माहेरची बकरी विकली किंवा कापली तर तसे संरक्षण अधिकाऱ्याला सांगता येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे नुकसान करण्यासाठी जनावर मारणे किंवा लुळे करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज काय येते, ते तुम्हीच सांगा.

'सहन कर, प्रार्थना कर' असा सल्ला देणाऱ्यांसाठी (आम्हीही दिला आहे) एक गोष्ट. जोडीदारापासून गंभीर धोका असेल तर वेगळे राहायला न्याय्य कारण आहे, असे चर्चचा कायदाच म्हणतो. पाहा कॅनन ११५३. घर सोडले म्हणजे विवाहाची शपथ मोडली, असे तिला कोणी सांगू नये.

४ ऑक्टोबरला, संत फ्रान्सिसच्या सणाला, काही ठिकाणी प्राण्यांना आशीर्वाद देतात. त्या दिवशी कोणी कुत्रा, शेळी घेऊन आली तर जरा थांबून विचारा: घरी हिला कोणी मारते का? असा प्रश्न जनावराबद्दल असला की बाई बोलते. स्वतःबद्दल विचारले तर 'सगळं बरं आहे' म्हणते.

आणि ती बोललीच, तर 'दुसरी घेऊन देऊ' म्हणू नका. आमच्यापैकी दोन घरांनी परसात जागा रिकामी ठेवली आहे, वैरणीचे आम्ही वाटून घेऊ. तुमच्या धर्मग्रामात कोणाकडे गोठा, परस किंवा गच्चीचा कोपरा असेल तर महिला मंडळाला कळवून ठेवा. बाई रात्री निघते, तेव्हा जागा शोधायला वेळ नसतो.