बांधाला लागून असलेलं गिऱ्हाईक



पोळा होऊन आठ दिवस झाले. काल दिवसभर चाळीतला कांदा निवडला. वरचा थर बरा निघाला, पण पावसाचा मारा लागतो त्या बाजूला पाणी सुटलेला आणि कोंब आलेला माल बराच निघाला. निवडत असतानाच शेजारच्या भाऊसाहेबांनी बांधावरून हाक दिली, "काय दादा, बांगलादेश चालू झालं का?"

आमच्या भागात हा प्रश्न "तिकडं पाऊस झाला का?" इतक्या सहज विचारतात. ज्या माणसाने कोलकाता कधी पाहिलं नाही, त्यालाही घोजाडांगा, महदीपूर, हिली ही बॉर्डरवरची नावं पाठ आहेत. तिथलं फाटक लागलं की इथला लिलाव पडतो. म्हणून आज पिकाच्या नोंदी बाजूला ठेवून शेजारी देशांबरोबरच्या व्यापारावर लिहितोय. थोडं लांबलंय, पण वाचा.

आधी कागदावर काय आहे ते बघू. दक्षिण आशियातल्या देशांची सार्क ही संघटना १९८५ साली ढाक्यात स्थापन झाली. आपापसातला व्यापार खुला करायचा म्हणून २००४ साली इस्लामाबादला साफ्टा करार झाला आणि १ जानेवारी २००६ पासून तो लागू झाला. टप्प्याटप्प्याने आयात कर कमी करायचे, असा त्याचा गाभा. भारताने तर २०११ साली बांगलादेश, नेपाळसारख्या अल्पविकसित शेजाऱ्यांना दारू-तंबाखूसारख्या २५ वस्तू सोडून बाकी सगळ्या मालावर शून्य कर दिला.

एवढं करूनही जागतिक बँकेच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के दिसतो. तिकडे आसियान देशांचा साधारण २५ टक्के आहे. सार्कची शेवटची शिखर बैठक २०१४ साली काठमांडूत झाली. २०१६ ची इस्लामाबादची बैठक उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली, त्यानंतर एकही नाही. भारत-पाकिस्तानचं भांडण हे मोठं कारण आहेच. पण बांगलादेशाशी तर आपलं तसं भांडण नव्हतं. मग तिथं काय झालं? तिथं आपण भरवसा घालवला.

निर्यातीचा हिशेब आठवून बघा. २९ सप्टेंबर २०१९ ला कांदा निर्यातबंदी. शेख हसीना त्याच आठवड्यात दिल्लीत होत्या. आधी थोडं सांगितलं असतंत तर दुसरीकडून सोय केली असती, असं त्या भर सभेत हसत हसत बोलल्या. पुढच्याच वर्षी १४ सप्टेंबरला पुन्हा अचानक बंदी. बॉर्डरवर ट्रकांच्या रांगा, ताडपत्रीखाली माल सडलेला. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, आणि ८ डिसेंबरपासून थेट बंदी. ती ४ मे २०२४ ला उठली, पण ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरची अट ठेवून. शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला.

८ डिसेंबरला माझा लाल कांदा काढणीवर होता. मजूर लावलेले, दोन ट्रॉल्या भरून तयार. लिलाव बंद पडले. ते सुरू झाल्यावर क्विंटलमागे दीड हजाराच्या वर फरक पडला. लाल कांदा चाळीत टिकत नाही, तो द्यावाच लागतो. दिला. त्या पैशात मुलीची फी आणि सोसायटीचा हप्ता यातलं एकच झालं.

आता पलीकडे काय झालं ते बघा. बांगलादेश बहुतेक वर्षी आपल्या कांद्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. दोनदा पोळल्यावर त्यांनी ठरवलं, आपणच पिकवू. उन्हाळी कांद्याचं बियाणं सरकारने शेतकऱ्यांना फुकट वाटलं. त्यात कोणतं वाण होतं? एन-५३! आपल्या निफाडच्या केंद्रातून आलेलं खरिपाचं लाल वाण. म्हणजे कांदा द्यायचं आपण बंद केलं आणि आपल्याच वाणावर त्यांची शेती उभी राहतेय. जनावरांचंही असंच झालं. २०१४ नंतर बॉर्डरवर जनावरं जाणं कडक बंद केलं, आणि काही वर्षांत बकरी ईदची जनावरं ते स्वतःच्या गोठ्यातून पुरवायला लागले. २०२५ मध्ये त्यांच्या शेतकऱ्याचा कांदा बाजारात होता तेव्हा त्यांनी आयातीचे परवाने रोखून धरले. आपण इकडं निर्यात शुल्क काढून वाट बघत बसलो. त्यांना दोष कसा देणार? आपल्या जागी त्यांचा शेतकरी आहे एवढंच.

दोष एकाच बाजूचा आहे असंही नाही. वरूड-मोर्शीच्या संत्रावाल्यांना विचारा. बांगलादेशाचा संत्र्यावरचा आयात कर २०१९ मध्ये किलोला साधारण २० रुपये होता, तो २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेला. झाडावर फळ तसंच, बाजार मात्र गेला.

सोयाबीनवाल्यांची तक्रार वेगळीच आहे, आणि तीही खरी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचा आयात कर वाढवला. पण नेपाळमार्गे रिफाइंड तेल साफ्टाच्या सवलतीत शून्य कराने येतच राहिलं. नेपाळात एवढं सोयाबीन पिकतं कुठं? पाम तर नाहीच. बाहेरून कच्चं तेल आणायचं, शुद्ध करायचं आणि इकडं पाठवायचं. करारात मालाचं मूळ तपासायचा नियम आहे, अल्पविकसित देशाच्या मालात किमान ३० टक्के भर तिथली असावी लागते. हा नियम नीट तपासला नाही तर शेजाऱ्याच्या नावावर तिसऱ्याचाच माल येतो आणि लातूर-वाशिमच्या सोयाबीनचा भाव दबतो. म्हणून खुला व्यापार म्हणजे सगळी दारं सताड उघडी, असं मी म्हणत नाही. ज्याचं पीक त्याचा फायदा, हे तपासलंच पाहिजे.

काही जण म्हणतील, देशात कांदा शंभर रुपये किलो झाला तर सरकारने काय करायचं? प्रश्न रास्त आहे. टंचाईत अन्नाची निर्यात तात्पुरती रोखायची मुभा जागतिक व्यापाराच्या नियमांतही आहे. पण रोखायची पद्धत असते. रात्री आदेश आणि सकाळी फाटक बंद, हा व्यवहार झाला का? गावात दुधाचा रतीब घालणारासुद्धा म्हैस आटणार असेल तर आठ दिवस आधी सांगतो.

यात आपल्या कृषी अभ्यासकांनी लक्ष घालावं अशी एक गोष्ट आहे. दोन्हीकडचं पीक-वेळापत्रक एकमेकांना पूरक आहे. बांगलादेशाचा मुख्य कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. साठवणुकीत त्यांचा बराच माल जातो, त्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबर त्यांच्याकडे ओढ लागते. नेमका त्याच काळात आपला चाळीतला उन्हाळ कांदा संपत आलेला असतो आणि लाल कांदा सुरू होतो. मार्च-एप्रिलमध्ये आपण त्यांच्या बाजारात माल ओतायचा नाही आणि सप्टेंबरनंतर त्यांना माल नक्की द्यायचा, एवढं ठरलं तर दोन्हीकडचा शेतकरी जगतो.

माझ्या मते तीन गोष्टी व्हाव्यात.

पहिली, वर्षाचा ठरलेला कोटा. बांगलादेशाने डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या बैठकीत हेच मागितलं होतं: तांदूळ, गहू, साखर, कांदा, आलं, लसूण यांचा वार्षिक कोटा ठरवा, मग काहीही झालं तरी तेवढा माल द्या. ते तेव्हाच करायला हवं होतं. टंचाईच्या वर्षी कोटा कमी करता येईल, शून्य नाही.

दुसरी, आगाऊ सूचना. बंदी घालायचीच असेल तर किमान महिनाभर आधी सांगा, आणि ज्या मालाचा सौदा झालाय, ट्रक भरलाय, तो जाऊ द्या.

तिसरी, हीच अट त्यांनाही. हंगामाच्या मध्यात कर चौपट करायचा नाही, परवाने अडवायचे नाहीत. बंधन दोघांवर नसेल तर त्याला करार म्हणता येत नाही.

दुबई, मलेशिया, युरोपचे बाजार हवेतच. पण तिथं कंटेनर लागतो, जहाज लागतं, प्रत लागते. माझ्यासारख्या अडीच एकरवाल्याचा माल ट्रकने जाईल असं मोठं परदेशी गिऱ्हाईक एकच, ते बॉर्डरला लागून. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याशी आपण कधी वाकडं घेतो, कधी गोड होतो, पण पाण्याची पाळी ठरलेली असते. ती कोणी मोडत नाही, कारण आपलीही पाळी येणार असते.

भाऊसाहेबांना काल सांगितलं, "चालू असलं तरी किती दिवस ते कोण सांगणार? भिजकी बाजू आधी विकून टाका." मीही आज दहा क्विंटल काढतोय. भाव मिळेल तो. बाकी चाळ झाकून ठेवलीय.

तुमच्याकडचा अनुभव काय? संत्रा, कापूस, मिरचीवाल्यांनी तर जरूर लिहा. आणि पुढच्या वेळी मतं मागायला कोणी दारात आलं तर त्याला एवढंच विचारा: कोट्याचं काय झालं?