भिंतीशी संवाद की भिंतीवर घाव?

२०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतील अकरा महाराष्ट्रातील आणि बारावा तामिळनाडूतील जिंजी. प्रत्येक मराठी मनाला अभिमान वाटावा अशीच ही घटना. परंतु आपल्या कोणत्याही नावाजलेल्या गडाची वाट चढून जाणाऱ्याला पहिल्याच दरवाजाशी जे वाचावे लागते, ते मान खाली घालायला लावणारे असते. बदामात कोरलेली दोन नावे, गावाचे नाव, मंडळाचे नाव, भ्रमणध्वनीचा क्रमांक आणि सहलीची तारीख! खिळ्याने कोरलेले, कोळशाने खरडलेले, क्वचित पांढऱ्या तैलरंगाने ठसठशीत रंगवलेले.

या प्रकाराची चर्चा निघाली की दोन टोकांची मते ऐकू येतात. भिंतीवर लिहिणारा तो गुन्हेगार, त्याला तुरुंगात टाका, हे एक मत. दुसरे मत जरा विद्वत्तेचा आव आणणारे : जगभर 'ग्राफिटी' ही कला म्हणून मान्यता पावली आहे, ती सामान्य माणसाची अभिव्यक्ती आहे आणि आज ज्याला आपण विद्रूपीकरण म्हणतो, तेच उद्याच्या संशोधकाचे साधन ठरेल. यातील पहिले मत अपुरे आहे. दुसरे मत अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच अधिक फसवे आहे.

या दुसऱ्या मतातील सत्याचा वाटा आधी प्रांजळपणे मान्य केला पाहिजे. 'ओरखडणे' या अर्थाच्या इटालियन क्रियापदापासून ग्राफिटी हा शब्द आला आणि पाँपेईच्या उत्खननानंतर तो विद्वानांच्या भाषेत रुळला. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या रोमन नगरातील भिंतींवर अकरा हजारांहून अधिक लेख सापडले आहेत. निवडणुकीचा प्रचार, प्रेमाची कबुली, शिवीगाळ, हिशेब, कुचेष्टा असे सारे काही त्यांत आहे. २०१८ मध्ये तेथील एका घरात कोळशाने लिहिलेली एक ओळ उजेडात आली. तिच्यात १७ ऑक्टोबरशी जुळणारी तिथी होती. ज्वालामुखीचा उद्रेक २४ ऑगस्टला झाला, ही शतकानुशतके चालत आलेली समजूत त्या एका ओळीने डळमळीत केली. जे ग्रंथांनी सांगितले नाही, ते कोणा अनामिकाच्या कोळशाने सांगितले!

इतके दूर जायचेही कारण नाही. अरबी समुद्राच्या पश्चिम टोकाशी, आफ्रिकेच्या शिंगाजवळ सोकोत्रा नावाचे बेट आहे. तेथील होक नावाच्या गुहेत आत, गर्द अंधारात, बेल्जियन गुहाशोधकांना २००० नंतरच्या काळात प्राचीन लेख आढळले. ते वाचल्यावर असे दिसून आले की त्यांतील बहुसंख्य लेख ब्राह्मी लिपीत आहेत. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत भडोचसारख्या बंदरांतून निघालेल्या भारतीय नाविकांनी तेथे आपली नावे लिहिली होती. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानणारा, घरकोंबडा समाज अशी आपली प्रतिमा रंगवणाऱ्यांना त्या नाविकांनी किती शतके आधी उत्तर देऊन ठेवले होते!

इतिहासाइतकाच अभिव्यक्तीचा मुद्दाही खरा आहे. ज्याच्या हाती छापखाना नाही, त्याच्या हाती भिंत असते. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात गावोगावच्या भिंती बोलत होत्या. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घातले गेले, तेव्हाही रातोरात भिंतींवर घोषणा उमटल्या. २०११ मध्ये सीरियातील दरआ या शहरात काही शाळकरी मुलांनी भिंतीवर राजवटीविरुद्ध लिहिले. त्यांना पकडून त्यांचा छळ करण्यात आला आणि त्यातून उसळलेल्या संतापाने सारा देश पेटला. म्हणून भिंतीवर लिहिणे कायद्यात बसते की नाही, एवढीच कसोटी लावून चालणार नाही. तशी ती लावली, तर १९४२ चे विद्यार्थीही गुन्हेगार ठरतील.

मग कसोटी कोणती? ती शोधण्यासाठी दोन स्थळांची तुलना उद्बोधक ठरेल. दोन्ही ठिकाणी कातळ आहे, दोन्ही ठिकाणी अप्रतिम भित्तिचित्रे आहेत आणि दोन्ही ठिकाणी पाहायला आलेल्यांनी भिंतीवर लिहून ठेवले आहे.

पहिले स्थळ श्रीलंकेतील सिगिरिया. पाचव्या शतकाच्या अखेरीस राजा कश्यपाने या प्रचंड शिळेवर आपली राजधानी वसवली. कड्याच्या एका खोबणीत सुंदर स्त्रियांची चित्रे रंगवलेली आहेत आणि त्यांच्या खालून जाणाऱ्या वाटेच्या कडेला चुन्याचा गुळगुळीत गिलावा दिलेली भिंत आहे. तिला आरशाची भिंत म्हणतात. राजा गेला, राजधानी उठली, पण चित्रे पाहायला लोक शतकानुशतके येत राहिले. ती पाहून मनात जे उमटले, ते त्यांनी त्या आरशाच्या भिंतीवर बारीक अक्षरांत कोरून ठेवले, तेही पद्यात! त्यांत भिक्षू होते, राजसेवक होते, स्त्रियाही होत्या. श्रीलंकेचे थोर पुरातत्त्वज्ञ सेनरत परनवितान यांनी त्यांतील ६८५ पद्ये वाचून १९५६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. ती मुख्यतः आठव्या ते दहाव्या शतकांतील आहेत. प्राचीन सिंहली काव्याचा हा अनमोल ठेवा आहे, आणि तो चित्रांवर नव्हे, चित्रांशेजारच्या मोकळ्या भिंतीवर लिहिला गेला आहे.

दुसरे स्थळ आपले अजिंठा. २८ एप्रिल १८१९ रोजी वाघाच्या शिकारीला आलेला जॉन स्मिथ हा ब्रिटिश लष्करी अधिकारी दहाव्या लेण्यात शिरला. तेथील स्तंभावर शतकानुशतके टिकून राहिलेले चित्र होते. त्या चित्रावरच त्याने आपले नाव आणि तारीख कोरली. तेव्हा लेण्यात राडारोड्याचा ढीग साचलेला असल्याने आज ती अक्षरे डोक्याच्या वर दिसतात. योगायोग असा की याच लेण्याच्या दर्शनी भागावर आणखी एक नाव आहे. हे नाव वासिष्ठीपुत्र कटहादी याचे. इसवी सनापूर्वीच्या या दात्याने लेण्याचा दर्शनी भाग करवून दिला आणि मग तेथे आपले नाव घातले. एकाने काही दिले आणि मग नाव लिहिले. दुसऱ्याने दुसऱ्याचे पुसले आणि आपले लिहिले.

स्मिथची अक्षरेही आज इतिहासाचे साधन झाली आहेत, हे खरे. पण त्यामुळे त्याचे कृत्य समर्थनीय ठरत नाही. साधन तर तोफगोळ्याची खूणही असते! त्याच्या नावाने आपल्याला एक तारीख मिळाली आणि चित्राचा तो भाग कायमचा गेला.

सिगिरियाची कथा येथेच संपत नाही. २०१५ मध्ये एका तरुणीने त्याच आरशाच्या भिंतीवर आपले नाव कोरले. न्यायालयाने तिला दोन वर्षांची शिक्षा ठोठावली. पुढे राष्ट्राध्यक्षांनी तिला माफी दिली. कोणी विचारील की नवव्या शतकातल्याने कोरले तर तो कवी आणि एकविसाव्या शतकातलीने कोरले तर ती अपराधी, हा कुठला न्याय? प्रश्न रास्त आहे, पण त्याला उत्तर आहे. कवीसमोर मोकळी भिंत होती. या तरुणीसमोर भिंत नव्हती, एक लिहून झालेली पोथी होती. पोथीच्या पानावर आपले नाव गिरवण्याला आपण साहित्यनिर्मिती म्हणत नाही.

तेव्हा कसोटी ही आहे : लिहिणारा कोऱ्या जागेवर लिहितो आहे की दुसऱ्याच्या कृतीवर? आणि त्याला काही सांगायचे आहे की केवळ 'मी येथे होतो' एवढेच बजावायचे आहे? गडाचा दरवाजा, बुरूज, टाके यांपैकी काहीच कोरे नसते. छिन्नीच्या प्रत्येक खुणेत अज्ञात पाथरवटाची सही असते. त्याने आपले नाव कुठे लिहिले नाही. ज्याने दगड घडवला तो निनावी राहिला आणि जो दोन तासांसाठी आला त्याचे नाव बुरुजावर चढले, याहून मोठी कृतघ्नता कोणती?

कायदा आहेच. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आता आहे. परंतु प्रत्येक बुरुजाशी पहारेकरी उभा करणे शक्य नाही. अनेक तरुण मंडळे श्रमदानाने ही नावे पुसतात. त्यांचे कौतुकच केले पाहिजे. पण सच्छिद्र काळ्या दगडात मुरलेला तैलरंग सहजी निघत नाही आणि तारेच्या ब्रशाने घासावे तर दगडालाच नव्याने ओरखडे पडतात. घाव भरण्याचा उपायही घावच करतो.

मग करावे काय? लिहिण्याची ऊर्मी मारून टाकू नये, तिला जागा द्यावी. २००९ मध्ये मुंबईत सेनापती बापट मार्गावरील रेल्वेची कळकट भिंत नागरिकांना रंगवू दिली, तेव्हा शेकडो हात पुढे आले. तसेच प्रत्येक मोठ्या गडाच्या पायथ्याशी, संरक्षित क्षेत्राबाहेर, ग्रामपंचायतीने एक साधी चुन्याची भिंत उभारावी. गड उतरून आलेल्याने तेथे लिहावे. नाव लिहायचे तर त्यासोबत गडावर काय पाहिले, काय वाटले, ती एक ओळ लिहावी. पावसाळ्यानंतर भिंत पुन्हा पांढरी करावी आणि त्याआधी तिची छायाचित्रे जपून ठेवावीत. गावातल्या शाळेने त्यातल्या चांगल्या ओळी दरवर्षी निवडाव्यात. खर्च तो कितीसा? चार गोण्या चुना आणि थोडी आस्था.

सारेच लगेच सुधारतील, असे नाही. पण गड चढताना 'खाली जाऊन काय लिहायचे' हा विचार ज्याच्या मनात आला, तो गड डोळे उघडे ठेवून पाहील. आणि ज्याने गड खरोखर पाहिला, त्याचा खिळा धरलेला हात बुरुजापाशी आपोआप थांबेल.